कामगारांसाठी कंबरपट्टा घेण्याआधी त्याची चाचणी कशी घ्यावी?

अक्कलकोट_रोडकर

सर्वांना नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागावर उभे राहणारे, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला जड रूळ) मागावर चढवणारे आणि तयार मालाच्या गाठी बांधून टेम्पोत भरणारे, अशा तिन्ही प्रकारच्या कामगारांकडून कंबरदुखीची तक्रार वरचेवर येते. उसण भरली म्हणून एखादा गडी घरी बसला की पाळीची सगळी जुळवाजुळव विस्कटते आणि त्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

अलीकडे एका विक्रेत्याने दोन वस्तू आणून दाखवल्या. एक नेहमीचा रुंद इलॅस्टिकचा कंबरपट्टा आहे, ज्याच्या पाठीकडच्या भागात पोलादी पट्ट्या शिवलेल्या आहेत. दुसरी खांद्यांपासून मांड्यांपर्यंत बांधायची लवचिक पट्ट्यांची जोडणी असून तिला तो एक्झोसूट म्हणतो. तिची किंमत पट्ट्याच्या कितीतरी पट आहे. त्याचे म्हणणे असे की तीन दिवस गड्यांना वापरू द्यावे आणि ‘बरं वाटतंय’ असे ते म्हणाले तर मागणी नोंदवावी. ही परीक्षा मला अपुरी वाटते, परंतु ती पुरी कशी करावी हे उमगत नाही. येथे फिजिओथेरपी, गणित आणि कारखानदारी या तिन्ही क्षेत्रांतील मंडळी आहेत, म्हणून विचारतो आहे.

होटगीकर

साहेब, या भानगडीत पडू नका. पट्ट्याची सवय लागते, स्नायू सैल पडतात आणि मग पट्ट्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. रोज सकाळी सूर्यनमस्कार घालायला लावा, बाकी सगळे विकण्याचे धंदे आहेत.

फिजिओ_विजापूर_रोड

होटगीकरांनी मांडलेली भीती दवाखान्यात रोज ऐकू येते. काही आठवडे, किंबहुना काही महिने पट्टा वापरल्याने धडाचे स्नायू खरोखर दुबळे होतात का, याच्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत ठोस नुकसान आढळलेले नाही. व्यायाम हवाच, याबद्दल दुमत नाही. पण पट्टा नको म्हणण्याचे कारण हे नव्हे.

खरे कारण वेगळे आहे. पट्टा पोटावर दाब देतो, टोकाचे वाकणे आणि वळणे थोडे अडवतो, कंबरेला ऊब देतो आणि ‘जपून वाक’ अशी आठवण करून देत राहतो. एवढ्याने दुखऱ्या माणसाला धीर येतो, हालचाल सुटते, आणि ती सुटली की दुखणेही थोडे हलके होते. परंतु वजन उचलताना मणक्यांमधील चकतीवर जो भार पडतो, तो मुख्यतः वजन अंगापासून किती दूर आहे आणि पाठ किती वाकली आहे यावर ठरतो. १९९९ मध्ये जर्मनीत ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून मोजणी झाली. नुसते उभे असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल होता. २० किलोचे वजन पाठ गोल करून उचलताना तो २.३ पर्यंत चढला, गुडघे वाकवून उचलताना १.७ झाला आणि तेच वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर १.१ वर आला. माणूस एकच असल्याने या आकड्यांना सर्वांसाठीचे माप समजू नये. तरी उचलण्याच्या पद्धतीने केवढी तफावत पडते ते त्यांतून दिसते.

आता पट्ट्याचा पुरावा. अमेरिकेत १६० नव्या मोठ्या दुकानांतील माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज पट्टा बांधणारे आणि क्वचित बांधणारे यांच्यात कंबरदुखीच्या किंवा पाठीच्या इजेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणजे ज्याची कंबर ठणठणीत आहे त्याला ‘दुखू नये म्हणून’ पट्टा देण्यात अर्थ नाही. २००७ मधील नेदरलँड्सच्या अभ्यासाचा रोख निराळा होता. घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या ३६० जणांना त्यात घेतले होते, सर्वांना आधी कंबरदुखी झालेली होती आणि त्यांनी पट्टा दुखेल त्या दिवशीच बांधायचा होता. वर्षभरात पट्टा मिळालेल्या गटाचे दुखण्याचे दिवस सरासरीने सुमारे ५३ नी कमी भरले. मात्र आजारपणाच्या रजा कमी झाल्या नाहीत.

याच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचना वाचाव्यात. त्यांत पट्टे व आधार नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत असेच म्हटले आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच तसे सांगितले होते. म्हातारपणी ठिसूळ मणका दबून मोडला किंवा शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर जो ब्रेस देतात ती बाब पूर्णपणे वेगळी आहे आणि तिची या पट्ट्यांशी गल्लत करू नये.

अक्कलकोट_रोडकर

मनःपूर्वक आभार. नेदरलँड्सच्या अभ्यासातील शेवटचे वाक्य वाचून मात्र मी थबकलो, कारण मला मुळात खाडेच कमी करायचे आहेत.

माजी_गणितशिक्षक

मग चाचणी सुरू करण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवून टाका, की तुम्ही कामगाराचे दुखणे मोजणार आहात की कारखान्याची हजेरी. दोन्ही मोजायला हरकत नाही, पण वेगवेगळे मोजा. आपल्याकडे खाडा कंबरेमुळेच होतो असे नाही. लग्नसराई, गड्ड्याची यात्रा, गावाकडची सुगी, मुलाचे आजारपण अशी अनेक कारणे हजेरीपुस्तकात एकाच फुलीने नोंदली जातात आणि त्या फुल्या मोजून पट्ट्याचा गुणदोष कळणार नाही.

विक्रेत्याच्या तीन दिवसांतील खोट अशी आहे. माणूस पट्टा मागतो तो दुखणे कळसाला पोहोचल्यावर. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते, त्यामुळे कळसानंतरचा कोणताही दिवस आधीपेक्षा बराच जाणार आणि त्याचे श्रेय पट्ट्याला, तेलाला किंवा अंगाऱ्याला, जे त्या वेळी हाताशी असेल त्याला मिळणार. त्यावर उपाय असा की एकाच माणसाने काही आठवडे पट्टा बांधून आणि काही आठवडे न बांधता काम करावे, आणि ही आलटापालट निदान दोनदा व्हावी. कोणी पट्ट्याने सुरुवात करायची आणि कोणी पट्ट्याविना, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मुकादमाच्या मर्जीवर सोडू नये, कारण तो ज्याची कंबर जास्त धरली आहे त्यालाच आधी पट्टा देईल आणि त्याचे मन त्यात चांगलेच असेल.

नोंद पाळी सुटताना घ्यावी. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा प्रत्येकाने सांगावा. आठचा सात झाला तर त्याला फरक म्हणू नये. साधारणपणे दोन अंकांची घट झाली तरच माणसाला ती जाणवण्याजोगी असते, असे या मोजपट्टीबाबत मानले जाते. आकडा मालकाने विचारू नये. पट्ट्याचे पैसे ज्याने दिले त्याच्यासमोर कामगार ‘काहीच फरक नाही’ असे सहसा म्हणत नाही, आणि नोकरीची काळजी असलेला तर मुळीच नाही.

दोन हंगामांची तुलनाही करू नये. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक तापते. डिसेंबरमध्ये जो पट्टा उबदार वाटेल तोच वैशाखात सोसवणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत ‘आज पट्टा किती वेळ बांधला’ हे विचारलेच पाहिजे. जो पट्टा जेवणाच्या सुट्टीत खुंटीवर गेला तो संध्याकाळच्या दुखण्याबद्दल काही सांगू शकत नाही.

पूर्वभागची_लेक

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. माझी आई विड्या वळते आणि आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. आईसाठी मी असाच पट्ट्या शिवलेला बेल्ट आणला होता. विडीचे काम जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन आणि मान-पाठ पुढे झुकवून चालते. त्या बैठकीत पट्ट्याची खालची कड जांघेत रुतते, वरची बरगड्यांखाली टोचते आणि पाठीकडचा ताठ भाग पाठीपासून सुटून नुसता हवेत उभा राहतो. ज्यांनी तो बनवला त्यांच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसणारा किंवा उभा राहणारा माणूस असावा. शिवाय वेल्क्रो पदराला चिकटतो, त्याच्या आकड्यांत तंबाखूची भुकटी आणि पानांचे तूस अडकत जाते आणि काही दिवसांनी तो धरतच नाही. आईने तो दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे.

मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असल्यामुळे मध्येच उठणे म्हणजे वळण तुटणे, हे माझ्या आईच्या पिढीच्या अंगात मुरलेले आहे. तिला थोडाफार उतार पडला तो भिंतीला पाठ टेकून, बुडाखाली पाट घेतल्याने आणि बंडल बांधण्याचे काम उभ्याने करू लागल्याने. तिच्यासाठी पट्ट्याची चाचणी तो बांधून बसताक्षणीच संपली होती. तेव्हा तुमच्या कारखान्यात कोण कोणत्या बैठकीत काम करतो, ते आधी पाहावे अशी विनंती आहे.

फिजिओ_विजापूर_रोड

ताई, तुमचे निरीक्षण आमच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे. परदेशी प्रश्नावल्यांतही हीच अडचण येते. कंबरदुखीमुळे रोजच्या जगण्यात काय अडते ते मोजण्यासाठी १९८३ पासून वापरात असलेली रोलँड-मॉरिस ही २४ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे. पण तिच्यात पायमोजे चढवताना होणारा त्रास विचारला जातो आणि आपल्या कामगाराने पायमोजे घातलेलेच नसतात. अक्कलकोट रोडकर, तुम्ही चार प्रश्न आपल्या कामातून घ्या. खाली पडलेली कांडी उचलताना कळ येते का? उकिडवे बसून उठताना हाताचा टेकू लागतो का? गाठ टेम्पोच्या फळीपर्यंत नेता येते का? रात्री कूस बदलताना जाग येते का? यांची उत्तरे नुसत्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी ठरतील.

चाचणीत कोणाला घेऊ नये हेही सांगतो. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट पट्टा बांधू नये, कारण पोटातला दाब वाढतो. ज्याला पायात मुंग्या येतात, पाऊल उचलत नाही, लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला आहे किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आहे, त्याला चाचणीत न घेता थेट रुग्णालयात पाठवावे. शेवटच्या दोन तक्रारी असतील तर त्याच दिवशी. बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारे दुखणे यांचा मेळ दिसला तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी आठवावा. अशा माणसाला पट्टा बांधून चार दिवस बरे वाटले तर त्या चार दिवसांनी त्याचे नुकसानच केलेले असते.

चिंचोळीचा_अभियंता

एक्झोसूटबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. विक्रेत्याने आणलेला प्रकार बिनमोटारीचा असणार. माणूस वाकला की पाठीवरच्या लवचिक पट्ट्या ताणल्या जातात, आणि सरळ होताना त्या ताणाची परतफेड मिळून पाठीच्या स्नायूंचे थोडे काम वाचते. प्रयोगशाळेत स्नायूंचे विद्युत्संकेत मोजून ही बचत दाखवली गेली आहे. उपकरणानुसार आणि कामानुसार ती साधारण १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आढळते. मात्र स्नायू कमी दमणे आणि दुखणे कमी होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात पहिलीचा आकडा दाखवून दुसरीचे वचन देते. पाठीवरचा ताण नाहीसाही होत नाही, तो छाती, खांदे आणि मांड्यांवर वाटला जातो, त्यामुळे तेथे काचते का हेही विचारावे.

माझी मुख्य हरकत सुरक्षिततेची आहे. यंत्रमागाजवळ पुढे झुकून तुटलेला दोरा सांधणाऱ्या माणसाच्या अंगावर लोंबती पट्टी किंवा सुटे बक्कल असता कामा नये. चालू यंत्राची तपासणी आणि तेलपाणी करणाऱ्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे हवेत, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात घातली गेली ती याचसाठी. एक्झोसूट तपासायचाच असेल तर तो पॅकिंग विभागातच तपासावा.

आणखी एक विचारतो, राग नसावा. त्याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार इजा होईल इतके वजन कोणालाही उचलायला लावण्यास मनाई होती. तुमच्याकडे भरलेला बीम आजही गडीच उचलून चढवतात का?

अक्कलकोट_रोडकर

राग कसला. होय, आमच्याकडे बीम दोघे-तिघे मिळून चढवतात. आमच्या भागातील पुष्कळ लहान कारखान्यांत हीच रीत आहे.

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी आखतो आणि झाली की येथेच लिहितो. नोंदी घेण्यासाठी शेजारच्या कारखान्यातील एका कारकुनाला राजी केले आहे. त्याचा आमच्या पगारपत्रकाशी संबंध नाही.

होटगीकर

सूर्यनमस्काराचा एक गटही ठेवा.

माजी_गणितशिक्षक

ठेवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही एकदम केले आणि गुण आला, तर होटगीकर आणि विक्रेता दोघेही मिठाई मागायला येतील.

अक्कलकोट_रोडकर

चाचणी होऊन नोंदींची बेरीज-वजाबाकी झाली, म्हणून सविस्तर लिहितो. ऐन उन्हाळा टाळून पावसाळ्यानंतर सुरुवात केली आणि दिवाळीच्या घाईपुरती ती थांबवली, कारण त्या दिवसांत सर्वांचीच कंबर दुखत असते.

मागावरच्या कामगारांत पट्टा बांधल्याचा आणि न बांधल्याचा फरक दिसला नाही. बहुतेकांनी तो दुपारनंतर सोडला, असे नोंदीच सांगतात. घाम आणि हवेत उडणारा सुताचा भुरका यांचा मिळून पट्ट्याखाली लगदा होतो, खाज सुटते, आणि एकदा खाज सुटली की माणूस कंबर विसरतो. वेल्क्रोत सुताचे तंतू अडकून ताईंनी सांगितली तीच अवस्था येथेही झाली.

गाठी भरणाऱ्यांचे चित्र निराळे निघाले. त्यांचे काम थोड्या वेळाचे, पण जड असते. ते गाठी भरण्यापुरताच पट्टा बांधत आणि काम झाले की सैल करत. ज्यांची कंबर आधीपासून दुखरी होती त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा संध्याकाळचा आकडा पट्ट्याच्या आठवड्यांत दोन किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, पट्टा काढलेल्या आठवड्यांत पुन्हा चढला आणि परत बांधल्यावर पुन्हा उतरला. एकदाच उतरला असता तर मी तो योगायोग समजलो असतो. ज्यांना आधी त्रास नव्हता त्यांना पट्ट्याने काही दिले नाही. एक तरुण गडी तर ‘पट्टा असला की मी दोन गाठी एकदम उचलतो’ असे कौतुकाने सांगू लागला, तेव्हा कारकुनाने त्याचा पट्टा काढून घेतला.

एक्झोसूट फक्त पॅकिंगमध्ये वापरून पाहिला. घडी घालण्याच्या बुटक्या टेबलावर वाकून उभे राहणाऱ्यांनी तो चांगला म्हटला. मात्र जिना चढताना तो मांडीला ओढतो, आणि प्रत्येक वेळी लघवीला जाताना अर्धा सूट सोडावा लागतो, ही तक्रार सर्वांनी केली. शेवटी आमच्या सुताराने टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून ते कोपराच्या उंचीला आणले, तेव्हा सूट मागणारा कोणी उरला नाही.

खाड्यांत काही फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये पडला नव्हता आणि अक्कलकोट रोडवरही पडला नाही.

चाचणीपूर्वीच्या विचारपूस-यादीमुळे एक गोष्ट मात्र वेळीच कळली. बीम विभागातील एक जण पायातल्या मुंग्यांबद्दल कधीच बोलला नव्हता; यादीतला प्रश्न विचारल्यावर बोलला. त्याला सिव्हिल हॉस्पिटलला पाठवले. चकतीने नस दाबली असल्याचे निदान झाले, उपचार चालू आहेत आणि त्याला सध्या बसून करण्याचे, मध्ये उठता येईल असे काम दिले आहे.

फिजिओ_विजापूर_रोड

नोंदी उत्तम ठेवल्या आहेत. तरुण गड्याचा अनुभव विशेष जपून ठेवण्यासारखा आहे. पट्टा बांधल्यावर माणसाला आपण जास्त वजन पेलू शकतो असे वाटू लागते, ही शंका अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९४ च्या आपल्या अहवालातही मांडली होती. ज्यांना गुण आला त्यांनाही दुखेल त्या दिवसांपुरता आणि जड कामापुरताच पट्टा द्यावा. झोपताना, प्रवासात किंवा दिवसभर नको. व्यायाम शिकवायला मी एखाद्या रविवारी स्वतः येईन, म्हणजे होटगीकरांचेही समाधान होईल.

पूर्वभागची_लेक

ज्यांना पट्टे देणार आहात, त्यांना ज्याचा त्याला वेगळा देणार की पाळीपाळीने एकच वापरायचा? घामाचा पट्टा दुसऱ्याच्या अंगावर चढवणे बरे नव्हे. आणि मापाचे काय?

अक्कलकोट_रोडकर

ताई, गाठी भरणाऱ्यांपैकी ज्यांना गुण आला त्यांनाच, प्रत्येकाच्या नावाचा वेगळा पट्टा देत आहे. माप बेंबीच्या रेषेत कंबरेभोवती टेप लावून घेतले. पँटच्या मापावर विसंबलो नाही. पत्र्याच्या पट्ट्या काढून कापड धुता येईल असाच जाळीदार प्रकार निवडला, आणि वेल्क्रो साफ करायला जुना टूथब्रश प्रत्येक खुंटीला टांगला आहे. एक्झोसूट विक्रेत्याला परत केला. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून बीम उचलण्याची हायड्रॉलिक ट्रॉली घेण्याचे ठरवले आहे. चिंचोळीचे अभियंते, आमच्या दोन मागांमधली वाट अरुंद आहे, तेव्हा ट्रॉलीची रुंदी आणि वळण किती असावे हे मोजायला एकदा येऊन जाल का?

चिंचोळीचा_अभियंता

अवश्य येतो. त्याआधी भरलेल्या बीमचे वजन, त्याच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांचा व्यास आणि मागाच्या ज्या खाचेत बीम बसतो तिची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवावी. ट्रॉलीची उचल त्या खाचेपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर शेवटचे वीतभर अंतर पुन्हा गड्यांनाच उचलावे लागेल.